जबाबदार व्यक्तीचं नाव

३ फेब्रुवारी, सोमवार

आज अन्नखात्याचे साहेब आले. दुपारचं वाटप चालू असतानाच. दवाखान्याच्या मागच्या फाटकासमोर, लिंबाखाली, रुग्णांच्या नातेवाइकांची रोजच्यासारखी रांग. सुभद्रामावशी वरण-भात वाढत होत्या, मी भाकरी देत होतो. साहेब तिशीचे असतील. रांग संपेपर्यंत गाडीला टेकून उभे राहिले, मध्ये बोलले नाहीत. हे बरं वाटलं.

मग जवळ येऊन म्हणाले, "काका, हे वाटप कुणाचं?"

"देवाचं."

"देवाचं आधार कार्ड आहे का?"

दोघंही हसलो. पण ते चेष्टेवर आले नव्हते. माझ्या खाणावळीची नोंद आहे ती खाणावळीपुरती. बाहेर रस्त्यावर रोज शिजवलेलं अन्न द्यायचं तर वेगळी नोंद पाहिजे. विकलं काय, फुकट दिलं काय, कायद्याला सारखंच. पाणी तपासल्याचा दाखला, वाढणाऱ्याचा डॉक्टरी दाखला, डोक्याला टोपी, रोजची वही. आणि जबाबदार व्यक्तीचं नाव, फोटोसकट. महिन्याची मुदत दिली.

सोळा वर्षं झाली. खाणारा कोण हे आम्ही विचारलं नाही, देणारा कोण हे त्यांनी विचारलं नाही. वाटप असंच चाललं होतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सलीमभाईंना सांगितलं. त्यांची नानची भट्टी आमच्या खाणावळीला लागून. शुक्रवारच्या वाटपात नान त्यांचे असतात. हातातला गोळा थापता थापता म्हणाले, "अण्णा, सडा हुआ बेचनेवाले कू कोई नै पूछता. मुफ्त खिलानेवाले से चार कागज."

त्यांनाही नोटीस आहे म्हणे. धुराची. कोळशाची भट्टी बंद करून गॅसवर जा. "गॅस पे रोटी बनती अण्णा, नान नै बनता. नान कू मिट्टी होना." खुलताबादहून त्यांचे आजोबा इथं आले तेव्हापासून ती भट्टी जमिनीत आहे.

निघताना हळूच म्हणाले, "शुक्रवार के नान तुम्हारे यहां रख देता मैं. बांटो तुम. मेरा नाम नक्को लेना कुछ दिन."

मला हसू आलं. घाबरलेत बिचारे. नाव तर मलाही नको आहे, पण माझं कारण वेगळं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

पूजेला बसलो तर वडिलांची, आबांचीच आठवण. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरच्या साली आमच्या गावात खाण्याचे फार हाल होते. आजोबांनी पारावर ज्वारीच्या कण्या शिजवल्या. पातेलं कुणाचं, ज्वारी कुणाची, कुणी बोललं नाही. आबा लहान होते, पाणी भरायचं काम त्यांच्याकडं. पुढं मला सांगायचे, ज्या अन्नाला आपलं नाव लागलं ते आपण दिलं नाही, विकलं.

खाणावळ सुरू केली तेव्हा हा एकच नियम मी त्यांचा घेतला. लिंबाखाली पाटी नाही, बॅनर नाही. डब्याच्या गिऱ्हाइकांचं आणि वाटपाचं वरण एकाच पातेल्यातलं.

आता फॉर्म म्हणतो, नाव सांगा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मावशींना डॉक्टरांकडं नेलं. रक्त दिलं, डोळे दाखवले, नखं दाखवली. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. मावशी म्हणाल्या, "मंग आणलं कामून?"

येताना टोप्या घेतल्या, पातळ, निळ्या. मावशींनी पदरावरून टोपी घातली आणि आरशात बघून इतक्या हसल्या की खाली बसल्या. "आण्णा, म्या काय नर्स हाय का? मला बघून लोक सुई टोचून घ्यायला हात म्होरं करतील."

वाटपात खरंच एका म्हाताऱ्यानं त्यांना सिस्टर म्हटलं. दिवसभर तेच पुरलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ऑनलाइन सेंटरला गेलो. मावशी बरोबर होत्या. तिथल्या ताई भराभर टाइप करत होत्या. पत्ता, जागा, पदार्थ. मग थांबल्या. "जबाबदार व्यक्तीचं नाव काय टाकू?"

मी म्हणालो, "सुभद्राबाईंचं टाका."

ताईंनी वर पाहिलं. "काका, मालक तुम्ही ना?"

"वाटप ह्यांचंच आहे. लोकसुद्धा मावशीचं वाटप म्हणतात."

यात खोटं काही नाही. सोळा वर्षांपूर्वी, वाटप सुरू केलं त्याच पावसाळ्यात, त्या आजारी नवऱ्याला घेऊन आल्या. अठरा दिवस त्या लिंबाखाली माझ्या हातची भाकरी खाल्ली. नवरा गेला. तेराव्याचं आटोपून परत आल्या आणि म्हणाल्या, मला तुमच्या चुलीशी ठेवा, म्या वाढीन. तेव्हापासून एक दिवस चुकलेल्या नाहीत. वाटप त्यांचं नाही तर कुणाचं?

मावशी ताईंना विचारत होत्या, "माझं नाव? सरकारच्या कागदावर? फोटूबी?"

सही करताना सुभद्रा एवढंच लिहितात, तेही सावकाश. आम्ही दोघं थांबलो. मला हलकं वाटलं. आबांचा नियम मोडला नाही आणि वाटपही राहिलं.

६ मार्च, गुरुवार

प्रमाणपत्र आलं. मावशींनी ते प्लास्टिकमध्ये बसवून घेतलं आणि खाणावळीमागच्या आपल्या खोलीत देवांच्या शेजारी टांगलं. कोपऱ्याला हळदीकुंकू. सौ.ला बोलावून दाखवलं. सौ. घरी येऊन म्हणाली, "बाईचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही." पुढं काही तरी बोलणार होती, बोलली नाही.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. वाटपाला माणसं कमी. जी आली त्यांच्या अंगावर रंग नव्हता.

रोजच्या वहीचं काम माझ्याकडं आहे, मावशींना लिहिणं जमत नाही. काय शिजवलं, किती वाजता, कधी वाटलं. बाहेरचं अन्न आलं तर कुणाकडून, कधीचं, हेही लिहायचं आणि देणाऱ्याची सही घ्यायची. आठ दिवस नीट लिहिलं. मग एक दिवस राहिलं, मग दुसरा. भुकेल्या माणसाला थांबवून वही भरायची हे मला काही...

सलीमभाई म्हणतात, "लिखते बैठो अण्णा, दाल ठंडी होती."

१० एप्रिल, गुरुवार

ऊन फार. लिंबाच्या सावलीची जागा पुरत नाही. मावशींनी खोलीतून ओली गोणपाटं आणून माठांना गुंडाळली. ताक दिलं आज.

१३ एप्रिल, रविवार

काल हनुमान जयंती. आज सकाळी दहाच्या सुमारास पलीकडच्या एका मंडळाचा टेम्पो आला. भंडाऱ्याची उरलेली गव्हाची खीर, दोन मोठी पातेली. पोरं म्हणाली, काका, एवढा प्रसाद वाया जाईल, तुमच्याकडं लागेल म्हणून आणला. उतरवून गेलीही. वहीत काही लिहिलं नाही. प्रसादाची काय सही घ्यायची?

मावशींनी झाकण काढलं आणि थांबल्या. "आण्णा, वास बघा बरं."

मी बघितला. थोडा आंबूस असेल. "जायफळाचा असेल, मावशी."

"म्या जायफळ वळखत नाय व्हय?"

"प्रसाद आहे मावशी. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं."

त्यांनी खिरीचं बोट कपाळाला लावलं आणि पळी उचलली. मीही आधी वाटीभर घेतली. गोडच लागली.

१४ एप्रिल, सोमवार



काल संध्याकाळपासून खीर खाल्लेल्यांपैकी बऱ्याच जणांना उलट्या, जुलाब. सगळी आपल्या रुग्णाच्या सोबतीला आलेली माणसं. बहुतेक जण औषध घेऊन सावरले. वैजापूरकडची एक म्हातारी, नातवाला बघायला आली होती, ती नातवाच्याच दवाखान्यात सलाइनवर आहे. मला काहीही झालेलं नाही. ते जास्त वाईट वाटतंय.

दुपारी साहेब आले. आज गाडीला टेकले नाहीत. पातेल्यांच्या तळाचं खरवडून बाटलीत घेतलं. मग विचारलं, "खीर कुठून आली?"

माझ्याकडं बघून विचारलं. मला उत्तर माहीत होतं. मंडळ कोणतं, टेम्पो कोणता, घ्या म्हणालं कोण. सगळं तोंडात होतं. मंडळाची पोरं अडकतील, प्रसादाचं नाव खराब होईल, असं काही तरी मनात आलं. आणि खाणावळ. खाणावळीची नोंद माझ्या नावावर आहे, हेही मनात आलं. आधी कोणतं आलं ते मला आता सांगता येत नाही.

एवढ्यात मावशी म्हणाल्या, "माझ्या हातचं हाय, सायेब. म्याच वाढलं."

साहेबांनी कागदाकडं पाहिलं. नोंद सुभद्राबाईंच्या नावानं. जबाब सुभद्राबाईंचा. त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. मावशींनी सावकाश सही केली. मी तीन हातांवर उभा होतो. थांबा म्हणायला तेवढा वेळ भरपूर होता.

वाटप बंद ठेवायला सांगून गेले.

१५ एप्रिल, मंगळवार

मावशींना विचारलं, असं का बोललात?

त्या भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग काय सांगू? देवाचा परसाद नासका व्हता म्हनून?" थोड्या वेळानं, "तुमीबी गप व्हता. मला वाटलं, तुमालाबी तसंच वाटतंय."



१९ एप्रिल, शनिवार

नोटीस आली. मावशींच्या नावानं, खाणावळीच्या पत्त्यावर. ५ मेला सकाळी अकराला सुनावणी. मीच वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "धरून नेत्यात का?" नाही म्हणालो. "मंग असा कागद कशाला येतोय?"

त्याआधी पेपरात छोटी बातमी आली होती. मंडळाचं नाव नाही, खाणावळीचं नाव नाही. सुभद्राबाईंचं मात्र पूर्ण नाव, वयासकट. शेंद्र्याच्या कंपनीत त्यांचा भाचा कामाला आहे, त्यानं तिथं वाचली. त्याच्या बरोबरची माणसं त्याला म्हणाली, तुझ्या आत्यानं विष घातलं म्हणं लोकांना. तो चिडून फोनवर ओरडत होता, मला खोलीबाहेर ऐकू येत होतं. मावशी फक्त "व्हय बाबा, व्हय" म्हणत होत्या.

दुपारच्या एस.टी.नं गेल्या. करमाडच्या पुढं भावाचं घर आहे तिथं. निळी टोपी खिळ्याला अडकवून गेल्या. सौ. त्यांच्या खोलीत झाडायला गेली होती. म्हणाली, देव नेलेत. प्रमाणपत्र तिथंच आहे, भिंतीकडं तोंड करून.

२२ एप्रिल, मंगळवार

साडेबाराला पाय आपोआप लिंबाकडं गेले. एक माणूस दोन पोरी घेऊन उभा. बायको आत, ऑपरेशन झालेलं. "आज नाय का?"

"बंद आहे."

"कामून?"

"सरकारनं बंद केलंय."

तो "सरकारला काय कळतंय" असं म्हणून पोरींना घेऊन हॉटेलांच्या बाजूला गेला. मी सांगितलं ते खोटं नव्हतं. पण

२५ एप्रिल, शुक्रवार

काल एकादशी. जपाला बसलो, माळ अर्ध्यात राहिली. सारखा त्या सेंटरमधल्या ताईंचा प्रश्न कानात. काका, मालक तुम्ही ना?

सौ. आज बोलली. दीड महिना दाबून ठेवलेलं असणार.

"अहो, तुमचं नाव टाकायला काय झालं होतं?"

मी आबांचं सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबांनी नाव टाकलं नाही, पण दुसऱ्याचंही टाकलं नाही. आणि तुम्ही खाणावळीवर बरं टाकलंत तुमचं नाव. तिथं नाही आडवा आला नियम."

भाजी निवडत होती. निवडतच राहिली. 

खरं काय होतं? त्या दिवशी हलकं वाटलं होतं ते नियम पाळल्यामुळं, की काही झालंच तर आपल्यावर येणार नाही म्हणून? तेव्हा हा प्रश्न मनात नव्हता असं मी शपथेवर सांगेन. पण प्रश्न नव्हता आणि उत्तर होतं, असंही असू शकतं. सलीमभाईंना हसलो होतो मी. ते निदान तोंडानं म्हणाले, मेरा नाम नक्को.

२८ एप्रिल, सोमवार

ऑफिसात गेलो. साहेबांना सगळं सांगितलं. टेम्पो, वास, जायफळ, मी घ्या म्हणालो ते. त्यांनी पंखा माझ्याकडं वळवला आणि मधे न बोलता ऐकलं.

"काका, हे त्याच दिवशी बोलला असता तर..." वाक्य पूर्ण केलं नाही.

मी लेखी दिलं. त्यांनी घेतलं. पण म्हणाले, बाईंचा जबाब त्यांच्या सहीचा आहे. त्या स्वतः पाचला येऊन वेगळं बोलल्या तरच तुमचं धरता येईल. नाही आल्या तर आहे तोच जबाब राहील आणि निकाल त्यांच्या नावावर लागेल. "वहीत मंडळाची एक ओळ असती, एक सही, तर बाईंवर आलंच नसतं. त्यासाठीच असते ती वही. तुम्हाला वाटतं आम्ही छळतो."

वाटतच होतं. आता तसं म्हणायला तोंड नाही. तरी विचारलं, "साहेब, नियम बरोबर आहेत. पण पंधरा दिवस झाले, लिंबाखालची माणसं कुठं जेवतात हे कुणी बघितलं का?"

त्यांनी माझा कागद फायलीत लावला. "त्याचा रकाना नाही काका आमच्याकडं."

वाईट माणूस नाही. दारापर्यंत सोडायला आले.

१ मे, गुरुवार

सलीमभाईंनी मेहुण्याची रिक्षा आणली. म्हणाले, "तुम अकेले जाके रोते बैठेंगे, मैं आता." करमाडपर्यंत बडबड चालू होती, भट्टीची, गॅसवाल्याची. 

मावशी अंगणात बाजेवर कुरडया घालत होत्या. आम्हाला बघून हात धुतले, पाणी आणलं. जणू आम्ही पाहुणे. भाऊ ओट्यावर होता, उठला नाही. "या मालक. खाणावळ तुमची आन् कचेरी आमच्या बहिनीला, व्हय?"

"म्हणूनच आलोय."

"लई लवकर आलात."

मावशी त्याला म्हणाल्या, "गप रं. दारात आल्यालं मानूस हाय." मग सलीमभाईंकडं वळून, "भट्टी चालू हाय का बंद केली?"

"चालू है मावशी. तुम नै तो नान गिनकेच रखने को मन नै करता."

मी सांगितलं. लेखी दिलंय, आता तुम्ही पाचला येऊन एवढंच सांगा की खीर बाहेरून आली, वास तुम्हाला आला होता, अण्णांनी घ्या म्हटलं. खरं तेच सांगायचंय.

त्या पुन्हा बाजेपाशी बसल्या. सोऱ्यातला चीक वाळायला लागला होता.

"आण्णा, म्या कागदावर सही केली. आता म्हनू, सही खोटी व्हती? मंग त्ये सोळा साल वाढलं त्येबी खोटंच म्हनतील."

"नाही म्हणणार."

"तवा तुमी बोलला नाय." आवाज चढवला नाही. "एक शबुद बोलला असता तर म्या गप बसले असते. माझा काय सायेबासंगं बोलायचा हिय्या व्हता का? तुमी बोलंना म्हनून म्या बोलले."

मी हात जोडले. त्यांनी ते बघितलंच नाही असं दाखवलं.

मग एकदम विचारलं, "ती म्हातारी कशी हाय?"

मला माहीत नव्हतं. सतरा दिवसांत मी एकदाही वॉर्डात जाऊन विचारलं नव्हतं. जप केला, सौ.शी बोललो, ऑफिसात गेलो, हे सगळं लिहिलं. म्हातारीला विचारलं नाही.

मावशींना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. उठून आत गेल्या आणि चार भाकरी फडक्यात बांधून आणल्या. रिक्षापाशी आल्या. येणार का, विचारलं. म्हणाल्या, "यीन का नाय, आता कसं सांगू. यायचं झालं तर सकाळी करमाडच्या फाट्यावर उभी राहीन. वाट नका बघू."

परतीला सलीमभाई एकच वाक्य बोलले. "वाट नका बघू बोली, लेकिन जगा बताई."

२ मे, शुक्रवार

वॉर्डात गेलो. सिस्टरनं रजिस्टर बघितलं. म्हातारी तिसऱ्या दिवशीच बरी होऊन आपल्या पायांनी गेली. नातवालाही सोडलं. जाताना म्हणे विचारत होती, टोपीवाली बाई कुठं गेली, तिच्यावर राग नाही म्हणावं, खीर गोड होती.

हे मावशींना कळवायला पाहिजे. भाच्याला फोन लावला, तो उचलत नाही. भावाचा बंद.

३ मे, शनिवार

सेंटरला गेलो. त्याच ताई. नवा अर्ज. जबाबदार व्यक्तीच्या नावापाशी त्या थांबल्या नाहीत, मीच आधी सांगितलं. माझं नाव, आबांचं नाव, आडनाव. फोटोत डोळे मिटलेले आले, पुन्हा काढला. छापलेल्या कागदावर नाव बघून काही वाटलं नाही. ना मोठं, ना लहान. एवढ्यासाठी

ताई म्हणाल्या, आधीच्या नोंदीचा निकाल लागेपर्यंत हा अर्ज पुढं सरकणार नाही.

४ मे, रविवार

एवढे दिवस धूळ खात पडलेली वही काढली. १३ एप्रिलचं पान कोरं. आज त्यावर लिहिलं: गव्हाची खीर, बाहेरून आलेली, आदल्या दिवसाची. वास येतो असं सुभद्राबाई म्हणाल्या. घ्यायला मी सांगितलं. खाली सही केली, तारीख आजची टाकली. ऑफिसात याला किंमत नाही, मला माहीत आहे. तरी वही पिशवीत ठेवली आहे.

मंडळाच्या पोरांकडंही गेलो. त्यातला एक येतो म्हणाला सुनावणीला. दुसऱ्यानं त्याला बाजूला नेलं. परत आला तेव्हा म्हणाला, बघतो काका.

सौ.नं मावशींची टोपी धुऊन वाळत घातली होती. कशाला, मी विचारलं नाही.

५ मे, सोमवार, स. ८.४०

पूजा झाली. वरणाला फोडणी घातली ती डब्यांपुरतीच. हात पिशवीतल्या जास्तीच्या डाळीकडं गेला आणि परत आला.

अर्ज, वही, लेखी दिल्याची पोच, सगळं घेतलं. टोपी सौ.नं घडी करून वर ठेवली.

सलीमभाई दारात आहेत, रिक्षा चालूच ठेवलीय. विचारताहेत, "अण्णा, सीधा ऑफिस, या पहले करमाड?"

फाट्यापर्यंत जाऊन परत यायचं तर रस्ता मोकळा मिळाला पाहिजे, जालना रोडला सकाळी तो मिळत नाही. त्या एस.टी.नं निघाल्या असतील तर वाटेतच चुकामूक होईल. निघाल्या नसतील तर फाट्यावर कुणी नसेल आणि आम्ही उशिरा पोहोचू, तेव्हा आत नाव पुकारून झालेलं असेल. आणि त्या तिथं उभ्या असतील आणि आम्ही गेलो नाही तर...

पुन्हा हॉर्न.

अकरा वाजता दारातून नाव पुकारतील. ते अजून मावशींचंच आहे.